डावखुरा टोपीवाला

१८ एप्रिल

लाल ठिपका लागला — म्हणजे फोन ऐकायलाय. नातीनं, अलमासनं, शिकवून ठेवलंय. इथं दाबायचं, बोलायचं, अक्षरं आपली आपण उमटतात. तारीखसुद्धा तोच टाकतो. मला वाचता येत न्हाई, तवा आत काय उमटलंय ते एक अल्ला जाणे आन् एक अलमास. घरात आमची बोली वेगळी, पण ह्या फोनला मराठीच नीट कळती. म्हणून इथं सगळ्यांना मराठीत बोलायला लावणार. अलमास म्हणती, "दादी, फोन तुझं बोलणं सुधारून लिहितो." लिहू दे. मी काय सुधारत न्हाई!

आज बोलायचं कारण म्हणजे माळ्यावरची पेटी.

माझे मालक, फकीर — नाव घेते, आता कोण रागावतंय! — ह्यांचा तंबूतला सिनेमा होता. जत्रा धरत, बाजार धरत फिरायचे. ते गेले, तंबू गेला, मशीन भंगारात गेलं. राहिली ती ही पेटी. आत एका इंग्रजी सिनेमाची रिळं. मोठ्या टोप्या, घोडे, बंदुका. सिनेमे नुकते बोलायला लागले होते तवाचा हा, आन् काढणारे अगदी कंगाल असणार! कारण घोडे कितीबी पळाले तरी तोच एक खडक पुन्हा पुन्हा मागं यायचा. सिरसाळ्याला एक जण ओरडलेला, "पुढं चला की बे! त्याच खडकाला फेऱ्या मारायलाव!"

आज माझा लेक यासीन पंखा काढायला माळ्यावर चढला आन् नाक दाबून खाली आला. "अम्मी, वर काय मेलंय?"

म्हणलं, "तुझ्या बापाचा धंदा."

वर पत्रा तापलेला. खाली यासीनचं वेल्डिंगचं दुकान. पेटी दोन्हीच्या मधी भाजत पडलीय. आजवर कधी मनात आलं न्हाई. आज आलं.

२० एप्रिल

ईदला अलमासनं त्या डब्यांचे फोटो फोनवरून साऱ्या जगाला दाखवले होते. आज पुण्याहून एक बाई आली. रुद्राणी नाव. जुने सिनेमे जपणाऱ्या एका संस्थेत कामाला हाय. बारीक, उभट चेहऱ्याची. शिडी चढली, एक डबा कलता करून बघितला आन् खाली उतरली. उतरल्यावर पहिलं वाक्य — "वेल्डिंग बंद करा. आत्ता."

यासीन हसला. ती न्हाई हसली.

म्हणली, त्या काळची फिल्म ज्या मालाची करायचे तो माल दारूगोळ्यासारखा पेटतो. जुना झाला, सडला, तापला की आपला आपण पेटतो. आन् एकदा पेटला की पाण्यानं विझत न्हाई. आमच्या बाजूला गादीवाल्याचं दुकान. कापसाचे ढीग. माझी सून हीना पदर तोंडाला लावून खालीच बसली.

मग रुद्राणीनं चार फोटो काढले. म्हणली, "आजी, अशा टोपीवाल्याचा एक सिनेमा आम्ही शोधतोय. जगात त्याची एकबी प्रत सापडली न्हाई. हे चार फोटो तेवढे उरलेत. तुमचा हाच असेल तर पुण्याहून थंड गाडी येईल, सगळं जपून नेऊ. नसेल तर मात्र घरात ठेवण्यासारखं न्हाई. फायर ब्रिगेडला सांगून नष्ट करावं लागेल."

रीळ उलगडून बघ की म्हणलं. ती म्हणली, वरचे वेढे काकवीसारखे चिकट झालेत, ह्या उन्हात ओढायला भीती वाटती.

म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

मी फोटो डोळ्याजवळ धरले. टोपी तशीच. घोडा तसलाच. पोरगी विहिरीवर बादली घेऊन उभी, तीबी ओळखीची वाटली. पण त्या माणसाचं पिस्तूल उजव्या हातात! चारी फोटोंत उजव्या.

म्हणलं, "हा न्हाई. आमचा टोपीवाला डावखुरा."

"नक्की?"

"बाई, मी हा सिनेमा बायकांना जत्रा-जत्रांतून सांगितलाय. झोपेत सांगेन. डावखुरा होता."

तिचं तोंड उतरलं. फायर ब्रिगेडचं बघते म्हणली. तोवर पत्र्यावर ओली पोती टाका, पेटीला हात लावू नका, स्वतः जाळायला तर अजिबात जाऊ नका. तीनदा बजावून गेली.

खरं ते बोलले. मग जीव का लागंना झालाय?

२१ एप्रिल

आमचा तंबू असा असायचा. मधोमध पडदा. पुढं पुरुष, पुढंच मशीन. बायका पडद्याच्या मागं. पडदा सुकला की मागनं अंधूक दिसायचं, म्हणून खेळाआधी त्याच्यावर पाणी मारायचं. ते काम माझं. ओल्या कापडातनं चित्र मागं झिरपायचं, आन् आमी बायका लेकरं मांडीवर घेऊन बघायचो.

सिनेमा इंग्रजी. चकलांब्याच्या जत्रेत इंग्रजी कोणाला? म्हणून ह्ये आवाज बारीक ठेवायचे आन् गोळीबार आला की एकदम मोठा करायचे! बाकीचं तोंडी. पुढं बंकट सांगायचा — ह्यांचा दोस्त, नेकनूरचा, आवाज असा की बैल दचकायचे. आन् मागं मी. एकदा अशीच शेजारणीला सांगायला लागले, तर आजूबाजूच्या म्हणल्या, ए, मोठ्यानं सांग की. तवापासून मीच.

घरात सासूचं ऐकलं, बाहेर ह्यांचं ऐकलं, आता लेकाचं ऐकते. त्या ओल्या कापडामागं तेवढं लोकांनी माझं ऐकलं. आन् आता ते कापडावरचं जे काय होतं ते सगळं माळ्यावर कुजून बसलंय, आन् मीच म्हणाले, न्हाई, हा तो न्हाई, जाऊ द्या.

पुढच्या बाजूला बसून एकदा बघायचं राहिलं. तंबूच्या मालकाची बायको, पण कधी बसले न्हाई.

२२ एप्रिल

दुकान बंद. घरात सगळे हळू चालायलेत, जणू वर तान्हं लेकरू झोपलंय. हीनानं गॅससुद्धा अंगणात मांडलाय. ऊन — काय सांगू!

२३ एप्रिल

संध्याकाळी माळ्यावरनं आवाज आला. भुस्स्. डब्याचं झाकण उचललं गेलं असावं. आमी सगळे होतो तसे थांबलो. यासीन पायात चप्पल न घालता वर गेला, ओली पोती टाकून आला.

फायर ब्रिगेडचा अजून निरोप न्हाई. रुद्राणी म्हणती, कागद फिरायलेत.

आन् एक गंमत. म्हणजे गंमत न्हाई, काय हाय ते मलाबी कळंना. सगळ्यांची तोंडं पडलेली, म्हणून अलमास म्हणली, चल दादी, फोटो काढू. फोन आमच्याकडं वळवला. त्यात मी मला बघितलं. माझ्या हनुवटीवरचा तीळ डावीकडं, जन्मापासनं डावीकडं. मी त्याला हात लावला, तर फोनमधली म्हातारी भलत्याच हातानं भलत्याच बाजूला चाचपायली.

"हा उलटं दाखवतो का ग?"

"आरशासारखं दाखवतो, दादी."

तेवढंच. पण ते डोक्यातनं जाईना. उद्या नेकनूरला जाते. पुढच्या बाजूचा बंकट एकटाच राहिलाय. त्याला एकदा विचारलेलं बरं. यासीनला म्हणलं, बंकटला बघून येते. तो लगेच म्हणला, "जा अम्मी. जाऊन ये. आरामात ये." लई गोड बोलला.

२४ एप्रिल

नेकनूरच्या स्टँडवर बसलेय. बस कवा येईल सांगता येत न्हाई. कोण फोन उचलंना म्हणून ह्याच्याशी बोलते. न्हाईतर जीव फुटेल.

बंकट ओसरीवर बाजेवर बसलेला. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा. मला बघून म्हणतो, "भाभी! अजून हायेत का तुमी?"

म्हणलं, "तुमच्या आधी जाऊन तुमाला माघारी बोलायला रान मोकळं करू का?"

त्याच्या सुनेनं, मुक्ताबाईनं, चहा आणला. मी घोटसुद्धा न घेता विचारलं, "बंकटभाऊ, आपला टोपीवाला कोणत्या हातानं गोळी मारायचा?"

"उजव्या."

"डाव्या!"

"भाभी, मी पडद्यापुढं उभा राहून सांगायचो. उजव्या."

"मग मी काय मागं घोरत पडायचे? डाव्या!"

मुक्ताबाई म्हणली, "मामंजी, हळू. लोकांना वाटंल वाटणीचं भांडण लागलं."

पण तो कुठला हळू होतोय! म्हणला, तुमचं काय खरं धरायचं, तुमी तर शेवटाला पोरगी जिवंत सोडायचात! मी म्हणलं, आन् तुमी रोज मारायचात, लाज न्हाई वाटली?

हे भांडण जुनं. ह्या सिनेमाचं शेवटचं रीळ आमच्याकडं कधी नव्हतंच. ह्यांनी घेतला तवाच नव्हतं. आमच्याकडचं शेवटचं चित्र म्हणजे — पोरगी कड्यावर उभी, पोटाळ्या सावकार बंदूक रोखतो, धूर निघतो. बस. पुढं पांढरा पडदा. मग लोकांना घरी कसं पाठवायचं? बंकट पुढच्या बाजूला सांगायचा, गोळी लागली, पोरगी टोपीवाल्याच्या मांडीवर मेली. गडी माणसं धोतराला डोळे पुसायची आन् दुसऱ्या दिवशी परत यायची. मागं मी सांगायचे, नेम चुकला. मैना — मी तिचं नाव मैना ठेवलेलं — घोड्यावर बसली आन् गेली. एकटी. कुठं गेली ग, बायका विचारायच्या. जिथं विहिरीला पाणी हाय तिथं, मी म्हणायचे. मग नवरा-बायको एकाच गाडीत बसून गावाकडं निघायचे, आन् वाटभर तो म्हणायचा मेली, ती म्हणायची गेली!

तर भांडता भांडता बंकट मधीच गप झाला. मग म्हणला, "भाभी, पडदा कावून भिजवायचो आपण?"

"मागनं दिसावं म्हणून."

"मागनं," म्हणला. आन् उठला. दोरीवरचं ओलं धोतर ओढलं. चुलीतनं कोळसा घेतला. मुक्ताबाई ओरडली, "मामंजी, आत्ता धुतलंय ते!" तो म्हणला, "गप. ते टोक धर."

कोळशानं त्यानं एक माणूस काढला. वेडावाकडा, पण टोपी झकास. माणसाच्या उजव्या हातात पिस्तूल दिलं. "भाभी, तिकडनं या."

मी धोतराच्या पल्याड जाऊन उभी राहिले. ऊन बंकटच्या बाजूनं. ओल्या कापडात टोपीवाला उभा होता, जसा मी जन्मभर बघितला तसा. पिस्तूल डाव्या हातात.

तिथंच जोत्यावर बसले.

कापडापल्याडनं बंकट म्हणला, "म्हणजे पडद्यावरची इंग्रजी अक्षरंबी उलटी दिसत असतील तुमाला. कुणी कधी बोललं न्हाई?"

"कोण बोलणार, बंकटभाऊ? आमच्याकडं सुलटी तरी कोणाला येत होती?"

हसलो दोघंबी. आन् मग मला एकदम कळलं, मी पुण्याच्या बाईला काय सांगून बसलेय ते.

अलमासनं फोनमधी माणसांना चित्रं लावून दिलीत, मला नावं वाचता येत न्हाईत म्हणून. रुद्राणीला घोडा. घोडा दाबला. लगेच उचलला. म्हणलं, "बाई, तोच हाय! आमी मागनं बघायचो!" ती म्हणली, "पडद्यामागून? आजी, हे आधी का…" मग लगेच, "गाडी काढते. कोणाला हात लावू देऊ नका."

यासीनला पाना लावलाय. पाना दाबला. वाजतोय, उचलत न्हाई. अलमास परीक्षेला गेलीय. हीनाला पातेलं. तिनं उचललं. म्हणली, "अम्मी, ते तर सकाळीच पेटी घेऊन गेले. तुमी निघाल्या-निघाल्या. डोंगराकडच्या बंद खदानीवर."

म्हणून गोड बोलत होता!

बस आली.

२४ एप्रिल

बसमधी. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट, पण कंडक्टर आधार कार्ड मागायलाय. म्हणलं, बाळा, हे तोंड बघ की. हसून गेला.

पाना दाबतेय. वाजतोय. उचलत न्हाई.

आधी मी म्हणत होते, या अल्ला, पेटी वाचू दे. त्याला उशीर होऊ दे, गाडी पंक्चर होऊ दे, काडेपेटी घरी राहू दे. आता खिडकीतनं डोंगराकडं बघितलं तर धूर. पिवळट. कोणी उसाचं पाचट जाळत असेल. ह्या दिवसात पाचट?

पुन्हा दाबला. आता वाजतबी न्हाई.

जाऊ दे ते सिनेमे चुलीत. माझा लेक येऊ दे.

२४ एप्रिल

यासीन हाय. दवाखान्यातनं आणलाय. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत, भुवया पार गेल्यात, तोंड लाल. डोळे वाचले. एवढंच आज.

२५ एप्रिल

सकाळी त्याच्या उशाशी बसले. तो छताकडं बघत बोलत होता.

"जाळणार नव्हतो, अम्मी. बाईनं सांगितलेलं ध्यानात होतं. खदानीत पाणी साठलंय, त्यात बुडवून यावं म्हणलं. पाण्यात कसं पेटंल? पण पेटी उतरवताना निसटली. दगडावर आपटली, डबा फुटला आन्… पाण्यावर जळत होतं, अम्मी. पाण्यात गेलं तरी जळत होतं. पाण्याखालनं उजेड येत होता."

फोन तिथंच वितळला त्याचा.

"तू नेकनूरला निघालीस तवाच न्यायचं ठरवलं," म्हणला. "तुझ्या डोळ्यांदेखत नको म्हणून."

मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. "हीना सांगत होती. तोच होता?"

खोटं बोलावं असं लई वाटलं. बिनभुवयांच्या त्या तोंडाकडं बघून तर फारच. पण ह्या घरात आता आणखी चुकीचं सांगायची माझी छाती न्हाई.

"तोच होता."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

म्हणलं, "तू कावून तोंड लपवतोस? मी सांगितलं हा तो न्हाई, तू ऐकलंस. जन्मात पहिल्यांदा आईचं ऐकलंस आन् नेमकं तेच चुकीचं निघालं!"

हसला. हसताना भाजलेलं दुखलं, मग रडला. मी त्याच्या कपाळावर, भुवया होत्या तिथं, फुंकर घालत बसले.

२५ एप्रिल

रुद्राणी आली. थंड गाडी घेऊनच निघाली होती, वाटेत कळलं, तरी माघारी फिरली न्हाई. यासीनला बघून आली. खदानीवर जाऊन आली. काळी झालेली दोन झाकणं तेवढी मिळाली. पायरीवर माझ्या शेजारी बसली.

मला वाटलं, आता बोलंल. बोल म्हणलं, मनात ठेवू नको.

ती म्हणली, "तुमच्यावर कशाला रागावू? पडदा कुठं होता हे मी विचारायला पाहिजे होतं. माझं कामच ते."

मग बराच वेळ आमी गादीवाल्याचा कापूस वाऱ्यानं रस्ताभर पसरताना बघत बसलो.

"आजी," म्हणली, "हा सिनेमा बघितलेलं माणूस आमाला जगात कुठं मिळालं न्हाई. आता तो तुमच्या डोक्यात हाय आन् बंकटरावांच्या. तुमी दोघांनी पहिल्यापासून सांगा. पुढच्या बाजूचा, मागच्या बाजूचा. कॅमेऱ्यात धरून ठेवते. तेवढा तरी राहील."

उन्हानं डोकं फिरलंय का बाईचं? पण न्हाई. खरंच म्हणत होती.

२ मे

बंकट न्हाई म्हणतो!

फोनवर म्हणला, "जळालेल्या घराचा पत्ता काय सांगायचा, भाभी?" मी म्हणलं, पत्ता न्हाई, घर सांगा. तर म्हणला, "पुढं चित्र असलं की तोंडात शब्द येतात. नुसत्या भिंतीकडं बघून मी काय सांगू? आन् तुमचा डावा, माझा उजवा. तुमची जिवंत, माझी मेलेली. पुण्यातले दात काढतील."

"काढू द्या. तंबूत काय रडायलाच यायचे का लोक?"

"मी न्हाई सांगणार." फोन ठेवला.

रागावलाय. सिनेमा जळाला म्हणून माझ्यावर रागावलाय. त्यालाबी हक्क हाय रागवायचा.

६ मे

मुक्ताबाईचा फोन. बंकटला ऊन लागलंय. ताप उतरंना, बडबडतोय, सलाईन लावलंय. म्हणली, कोणाला भेटायला सोडत न्हाईत.

त्याचं काय बरंवाईट झालं तर पुढची बाजू गेली. एवढ्या गडी माणसांनी धोतराला डोळे पुसले, शिट्ट्या मारल्या, ते सगळं कुठं झालंच न्हाई असं होईल. राहील ते माझंच. माझा डावा हात, माझी मैना, माझा शेवट.

जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे. बिलकूल वाटत न्हाई.

९ मे

यासीननं स्वतः दुकानाचं शटर वर घेतलं, डाव्या हातानं. वेल्डिंगचं सामान बाजूला सारलं. रुद्राणीनं कॅमेरा मांडला. अलमास, हीना, गादीवाल्याची बायको, सगळ्या दारात दाटून बसल्या. मला खुर्ची.

"आजी, तुमच्या मनानं सांगा," रुद्राणी म्हणली.

काल रात्रभर ठरवत होते. खुर्चीत बसले, अंग सावरलं आन् बंकटसारखा आवाज काढला. काढला म्हणजे काय, घशातनं जेवढा निघाला तेवढा! पहिल्यापासनं पुढच्या बाजूचा सिनेमा सांगितला. त्याचे शब्द पडद्यातनं इकडं यायचेच की, पाठ होते. टोपीवाला आला. उजव्या हातानं पिस्तूल काढलं. घोडे पळाले, खडक आला, घोडे पळाले, खडक आला. हीना हसून हसून लोळली. यासीनबी हसला.

मग कडा आला. पोरगी वर उभी. बंदूक. धूर.

तिथं मी थांबले. दारातल्या बायका अगदी तशाच बघायलेल्या, तंबूतल्या बघायच्या तशा.

म्हणलं, "गोळी लागली. पोरगी मेली."

माझ्या तोंडानं, पहिल्यांदा. गादीवाल्याच्या बायकोनं "या अल्ला!" म्हणून तोंडावर हात घेतला.

रुद्राणीनं हळूच विचारलं, "आणि मागच्या बाजूचा, आजी?"

म्हणलं, "आज न्हाई. आज बंकटची बाजू." उठून आत गेले. पाणी प्याले. हात धुतले, का कोण जाणे.

१५ मे

बंकट उठून बसलाय. रुद्राणी काल नेकनूरला गेलती, त्याला न सांगता. मी काय सांगितलं तेबी त्याला बोलली न्हाई म्हणे. सुरुवातीला त्यानं तिला हाकललं, मग म्हणला, लाव तुझं मशीन. तिनं ते अलमासच्या फोनवर पाठवलंय, आत्ताच बघितलं. बाजेवर बसलाय, आवाज पार खोल गेलाय. टोपीवाला डाव्या हातानं पिस्तूल काढतो. मग कडा, बंदूक, धूर. बंकट दम घेतो, चष्मा काढतो, डोळे पुसतो. आन् म्हणतो — नेम चुकला. मैना घोड्यावर बसली आन् गेली, एकटी, मागं वळून न बघता.